आतड्याच्या कॅन्सरची ‘रक्तातली जीन टेस्ट’ म्हणजे नेमकी कोणती?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटची फाईल चाळताना कधी कधी एकमेकांशी भांडणारे दोन रिपोर्ट सापडतात. पहिला ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा. त्यावर लिहिलेलं असतं: केआरएएस, वाइल्ड टाइप. म्हणजे या जीनमध्ये बिघाड नाही. दुसरा वर्षा-दीड वर्षाने रक्तावरून केलेला. त्यावर असतं: केआरएएस, म्युटेशन आढळलं. घरच्यांचा निष्कर्ष ठरलेला असतो. दोनपैकी एक लॅब चुकली आणि पैसे पाण्यात गेले.

बहुतेक वेळा कोणीच चुकलेलं नसतं. मधल्या काळात पेशंटला कोणतं औषध चालू होतं हे विचारलं की दोन्ही रिपोर्ट खरे कसे, याचा उलगडा होतो. त्या औषधाकडे पुढे येतोच. आधी एक गुंता सोडवायला हवा.

आपल्याकडे ‘रक्तातली जीन टेस्ट’ या एकाच नावाखाली किमान चार वेगळ्या तपासण्या खपतात. कॅन्सर आहे हे माहीत असताना कोणतं औषध लागू पडेल हे पाहणारी एक. ऑपरेशननंतर काही मागे उरलंय का हे शोधणारी दुसरी. धडधाकट माणसात कॅन्सरचा सुगावा लागतो का ते पाहणारी तिसरी. आणि आई-वडिलांकडून आलेला दोष आपल्यात आहे का हे सांगणारी चौथी. नळी तीच, सुई तीच, पण चारही ठिकाणी ‘निगेटिव्ह’ या शब्दाचा अर्थ वेगळा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी जाहिरात हा फरक सांगत नाही. कधी कधी घाईत असलेले डॉक्टरही सांगत नाहीत.

रक्तात कॅन्सरचा डीएनए येतो कुठून? आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. मरताना त्यांच्यातला डीएनए तुटतो आणि त्याचे बारीक तुकडे रक्तात उतरतात. स्ट्रासबर्गमधल्या मांडेल आणि मेते या दोघा शास्त्रज्ञांनी १९४८ मध्येच रक्तातला हा मोकळा डीएनए दाखवून दिला होता. तेव्हा डीएनएची रचनासुद्धा उलगडलेली नव्हती, त्यामुळे त्याचं करायचं काय हे कोणाला सुचलं नाही. कॅन्सरच्या पेशंटमध्ये हे प्रमाण वाढलेलं असतं हे १९७७ मध्ये दिसलं. १९९७ मध्ये डेनिस लो यांनी गर्भवतीच्या रक्तात बाळाचा डीएनए सापडतो हे दाखवलं. आज गरोदरपणात डाऊन सिंड्रोमसाठी जी रक्ततपासणी सुचवतात, ती त्याच शोधातून आली. कॅन्सरची तपासणी तिची सख्खी बहीण म्हणायला हरकत नाही.

हे तुकडे साधारण १६७ अक्षरांचे असतात आणि रक्तात फार टिकत नाहीत. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या १८ पेशंटचा अभ्यास छापला. गाठ काढून टाकल्यावर तिचा डीएनए रक्तातून किती वेगाने ओसरतो हे त्यांनी मोजलं, तेव्हा दर ११४ मिनिटांनी तो निम्मा होत होता. म्हणजे रक्तातला हा डीएनए आजची बातमी देतो. गाठीचा जो तुकडा दोन वर्षांपूर्वी मेणाच्या ब्लॉकमध्ये बंद झाला, तो दोन वर्षांपूर्वीचीच बातमी देत राहतो.

आता थोडं गणित. या तपासणीचं सगळं बळ आणि सगळी मर्यादा त्यातच आहे. दहा मिली रक्तातून चार-पाच मिली प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला द्रव, मिळतो. त्यात दर मिलीमागे पाचेक नॅनोग्रॅम मोकळा डीएनए धरू. एका नॅनोग्रॅममध्ये माणसाच्या पूर्ण जीनसंचाच्या सुमारे ३०० प्रती मावतात. म्हणजे एका नळीत कोणत्याही एका जीनच्या सहा-सात हजार प्रती आल्या, आणि त्यातल्या बहुतेक आपल्याच रक्तपेशींच्या. कॅन्सर लिव्हरभर पसरलेला असेल तर या प्रतींपैकी कित्येक टक्के गाठीच्या असतात. त्या सहज दिसतात. पण ऑपरेशननंतर कुठेतरी मोहरीएवढं काही उरलं असेल आणि त्याचा वाटा दहा हजारांत एक असेल, तर त्या नळीत शोधायचं म्युटेशन एकदाही आलेलं नसण्याची शक्यता मोठी. मशीन कितीही महागडं असो, नळीत नसलेलं ते कुठून वाचणार?

चार तपासण्यांपैकी जिचं स्थान आज सगळ्यात पक्कं आहे, ती औषध निवडण्यासाठीची. ही फक्त पसरलेल्या, म्हणजे चौथ्या स्टेजच्या कॅन्सरसाठी. अशा पेशंटला केमोसोबत सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब देता येईल का, हा प्रश्न येतो. पेशीच्या बाहेर ईजीएफआर नावाचा एक रिसेप्टर असतो. बाहेरून वाढीचा संदेश आला की तो आत रास या प्रथिनाला जागं करतो, रास पुढे राफला, आणि शेवटी पेशी दुभंगते. ही औषधं ईजीएफआरला बाहेरूनच अडवतात. पण रास जीन बिघडून कायम जागाच राहिला असेल, तर बाहेर कितीही अडवा, आतलं काम चालूच राहतं.

सेटुक्सिमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली २००४ मध्ये, पॅनिटुमुमॅबला २००६ मध्ये. के-रास (रास जीनचा एक प्रकार, रिपोर्टवरचं ‘केआरएएस’ ते हेच) बिघडलेल्या पेशंटना त्यांचा उपयोग होत नाही हे २००८ च्या सुमारास स्पष्ट झालं, आणि २००९ मध्ये औषधांच्या पत्रकात तसं लिहिलं गेलं. मधली चार-पाच वर्षं कित्येकांनी ही महागडी इंजेक्शनं घेतली, तोंडभर पुरळ सोसलं आणि हाती काही लागलं नाही. पुढे लक्षात आलं की के-रासचे एक-दोन ठरावीक बिंदू तपासून भागत नाही. के-रास आणि त्याचा भाऊबंद एन-रास या दोन्हींत आणखी काही ठिकाणं पाहावी लागतात, कारण तिथला बिघाड असताना काही केमोसोबत हे औषध दिलं तर पेशंटचं नुकसानही होऊ शकतं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये सुमारे ४० टक्के पेशंटमध्ये के-रास बिघडलेला असतो, आणखी तीन-पाच टक्क्यांमध्ये एन-रास. म्हणून जुन्या रिपोर्टवर नुसतं ‘केआरएएस निगेटिव्ह’ असेल तर विचारा: एन-रास पाहिला का? बी-राफ?

बी-राफचा व्ही ६०० ई नावाचा बिघाड पसरलेल्या कॅन्सरच्या दर शंभरात आठ-दहा जणांत असतो. तो असला की आजार आक्रमक असतो. मात्र त्याच्यासाठी आता वेगळं औषध आहे: एन्कोराफेनिब, तेही सेटुक्सिमॅबच्या जोडीने. आणि एमएसआय-हाय हा प्रकार, पसरलेल्या कॅन्सरच्या जेमतेम चार-पाच टक्क्यांत दिसणारा. त्यात डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणाच मोडलेली असते. अशा पेशंटना पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी केमोपेक्षा सरस ठरते. एका मोठ्या चाचणीत आजार रोखून धरण्याचा मध्यक काळ केमोने ८.२ महिने होता, पेम्ब्रोलिझुमॅबने १६.५ महिने. चार-पाच टक्के हा आकडा लहान वाटेल, पण त्या चार-पाचांपैकी आपण असलो तर उपचाराची सगळी दिशाच बदलते. या सगळ्या खुणा सहसा आधी गाठीच्या ब्लॉकवर पाहतात. ब्लॉकमध्ये माल पुरेसा नसेल, तो जुना होऊन खराब झाला असेल किंवा पुन्हा बायोप्सी घेणं धोक्याचं असेल, तर रक्तावर. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रक्तावरून एकदम अनेक जीन वाचणाऱ्या दोन तपासण्यांना मान्यता दिली. तेव्हापासून हा मार्ग रुळला.

आता त्या भांडणाऱ्या रिपोर्टांकडे येऊ. २०१२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दोन शोधनिबंध शेजारी शेजारी आले, एक इटलीतल्या तुरिनच्या गटाचा, दुसरा जॉन्स हॉपकिन्सचा. ज्यांच्या गाठीत के-रास ठीक होता असे पेशंट ईजीएफआरविरोधी औषधावर होते. काही महिने औषध छान चाललं, मग चालेनासं झालं. हॉपकिन्सच्या गटाला अशा २४ पैकी ९ जणांच्या रक्तात के-रासचं म्युटेशन सापडलं, जे आधी दिसत नव्हतं. बहुतेकांत ते उपचार सुरू झाल्यावर पाच-सहा महिन्यांत डोकं वर काढत होतं. तुरिनच्या पेशंटपैकी काहींत तर स्कॅनवर गाठ वाढलेली दिसण्याआधी दहा महिने रक्ताने चाहूल दिली होती.

विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्याला यामागचं कारण सांगायची गरज पडणार नाही. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी मरायची. पण ज्या मोजक्या अळ्यांना ते विष बाधत नव्हतं त्या उरल्या, त्यांचीच पैदास झाली, आणि २०१७ च्या हंगामात बोंडंच्या बोंडं पोखरून निघाली. म्हणून तर बांधाच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायला सांगतात. साध्या अळ्या टिकून राहिल्या की चिवट अळ्यांचंच राज्य होत नाही. गाठीतही हेच घडतं. लाखो साध्या पेशींमध्ये के-रास बिघडलेल्या मूठभर पेशी कदाचित सुरुवातीपासूनच असतात, इतक्या कमी की तपासणीत दिसत नाहीत. औषध साध्या पेशी मारतं आणि मैदान चिवट पेशींना मोकळं होतं. पहिला रिपोर्ट खरा होता. दुसराही खराच.

यातली खरी गंमत पुढे आहे. औषध थांबवलं तर काय होतं? चिवट पेशींना आता कसला फायदा उरत नाही, साध्या पेशी पुन्हा पुढे येतात, आणि रक्तातलं रासचं म्युटेशन महिन्यामहिन्याने ओसरू लागतं. मग तेच जुनं औषध पुन्हा चालेल का? मिलानच्या निग्वार्दा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तुरिनच्या संशोधकांच्या साथीने ‘क्रोनोस’ नावाची चाचणी घेतली. निकाल २०२२ मध्ये छापून आले. औषध एकदा चालून थकलेल्या ५२ पेशंटचं रक्त तपासलं. त्यातल्या १६ जणांत अजूनही प्रतिकाराची म्युटेशन होती, त्यांना बाजूला ठेवलं. ज्यांचं रक्त स्वच्छ होतं त्यांपैकी २७ जणांना पॅनिटुमुमॅब पुन्हा दिलं. आठ जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. दोन-तीन प्रकारचे उपचार संपलेल्या पेशंटमध्ये एवढा प्रतिसाद सहसा मिळत नाही. आणि वगळलेल्या १६ जणांचं एक निष्फळ औषध वाचलं, हेही त्याच तपासणीचं काम. चाचणी लहान आहे, पण माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात शहाणी. रक्ताला असा प्रश्न विचारला गेला, ज्याचं उत्तर जुना ब्लॉक देऊच शकत नाही.

अर्थात रक्त फसवतंही. लिव्हरमध्ये पसरलेला कॅन्सर भरपूर डीएनए सोडतो. फक्त पोटाच्या पडद्यावर, म्हणजे पेरिटोनियमवर किंवा फक्त फुप्फुसात बारीक पसरलेला असेल तर फारच कमी. अशा पेशंटचा रक्ताचा रिपोर्ट ‘रास म्युटेशन आढळलं नाही’ असा आला तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक, म्युटेशन नाही. दोन, गाठीचा डीएनएच नळीत आला नाही. चांगली लॅब गाठीचा दुसरा एखादा बिघाड, उदाहरणार्थ एपीसी किंवा टीपी ५३ या जीनमधला, रक्तात सापडला का हेही नोंदवते. तो सापडला आणि रास स्वच्छ असला तर भरवसा ठेवता येतो. काहीच सापडलं नसेल तर तो रिपोर्ट निगेटिव्ह समजू नये. तो निरुत्तर रिपोर्ट आहे, आणि ब्लॉककडे परत जायला हवं.

उलटी फसगतही होते. वय वाढतं तशा आपल्या अस्थिमज्जेतल्या काही रक्तपेशी स्वतःच छोटी म्युटेशन गोळा करतात. साठी-सत्तरीत हे अगदी सर्रास दिसतं आणि त्याचा आतड्याच्या गाठीशी संबंध नसतो. पण मोकळ्या डीएनएत त्या पेशींचेही तुकडे असतात आणि टीपी ५३, क्वचित के-राससुद्धा, तिथून आलेला असू शकतो. यावर उपाय म्हणजे त्याच नळीतल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या वाचायच्या आणि त्यांच्यात असलेलं म्युटेशन वजा करायचं. सगळ्याच लॅब हे करत नाहीत.

आणि नळीचं झाकण पाहा, हेही सांगून ठेवतो. नेहमीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर काही तासांत पांढऱ्या पेशी फुटायला लागतात, त्यांचा डीएनए प्लाझ्मात पसरतो आणि गाठीचे तुकडे त्या गर्दीत हरवतात. एक तर काही तासांत प्लाझ्मा वेगळा करायचा, नाहीतर पेशी न फुटू देणारी खास नळी वापरायची. चंद्रपूरला काढलेलं रक्त कुरियरने दुसऱ्या राज्यातल्या लॅबला जाणार असेल तर हा प्रश्न मुंबईतल्यापेक्षा कितीतरी मोठा. रक्त काढायला आलेल्या मुलाला ‘नळी कोणती?’ असं विचारायला लाजू नका.

दुसऱ्या तपासणीत, ऑपरेशननंतरच्या, सध्या सगळ्यात जास्त उत्साह आहे आणि सगळ्यात जास्त घाईही. दुसऱ्या स्टेजच्या, म्हणजे लसिका ग्रंथींपर्यंत न पोचलेल्या कॅन्सरमध्ये दहापैकी आठ जण नुसत्या ऑपरेशनने बरे होतात. मग केमो कोणाला द्यायची? सगळ्यांना दिली तर बहुतेकांना ती विनाकारण, हातापायांना मुंग्या आणून. ऑस्ट्रेलियात डॉ. जीन टाय (हे त्यांचं नाव) आणि सहकाऱ्यांनी ‘डायनॅमिक’ चाचणीत ४५५ पेशंट घेतले. एका गटात डॉक्टरांनी नेहमीच्या निकषांवर ठरवलं. दुसऱ्या गटात ऑपरेशननंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्याला रक्त तपासलं आणि गाठीचा डीएनए सापडला तरच केमो दिली. नेहमीच्या गटात २८ टक्क्यांना केमो मिळाली, रक्तावर चाललेल्या गटात १५ टक्क्यांना. दोन वर्षांनी आजार न उलटलेले पहिल्या गटात ९२.४ टक्के, दुसऱ्यात ९३.५ टक्के. केमो जवळपास निम्म्यावर आली आणि तोटा दिसला नाही.

इथे वर सांगितलेल्या दहा हजारांत एकच्या अडचणीवर एक युक्ती आहे. आधी पेशंटच्या गाठीचा ब्लॉक वाचून तिची स्वतःची म्युटेशन शोधायची. त्यातली अनेक निवडून, एका प्रसिद्ध तपासणीत सोळापर्यंत, रक्तात एकत्र शोधायची. एक नाही सापडलं तर दुसरं सापडेल. ब्लॉकशिवाय होणाऱ्या तपासण्याही आहेत. त्या स्वस्त-झटपट असतात, पण त्यांच्याबद्दल सावध राहायला एक कारण घडलं. अमेरिकेत ‘कोब्रा’ नावाच्या चाचणीत दुसऱ्या स्टेजचे, रक्तात डीएनए सापडलेले पेशंट दोन वाटांनी गेले. काहींवर नुसती नजर ठेवली, काहींना केमो दिली. सहा महिन्यांनी किती जणांचं रक्त स्वच्छ झालं हे पाहिलं तर नुसती नजर ठेवलेल्यांत सातपैकी तीन, केमो दिलेल्यांत नऊपैकी एक. केमोपेक्षा काहीच न करणं बरं, असा याचा अर्थ घ्यायचा? नाही. ज्यांना ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं त्यांतले काही मुळात पॉझिटिव्ह नव्हतेच, हा जास्त पटणारा अर्थ. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

तिसऱ्या स्टेजमध्ये रक्त पॉझिटिव्ह आलेल्यांना जास्त कडक केमो देऊन पाहिली, तिचाही फायदा दिसला नाही. म्हणजे गाडी इथे अडली आहे: कोणाचा आजार उलटणार हे रक्त बऱ्यापैकी सांगतं. सांगितल्यावर करायचं काय, याचं उत्तर अजून कच्चं आहे. मला विचाराल तर दुसऱ्या स्टेजचा पेशंट केमो घ्यावी की नाही या कुंपणावर असेल आणि परवडत असेल, तर ही तपासणी चर्चेत आणावी. दर तीन महिन्यांनी काळजीपोटी करत राहण्यात मात्र मला शहाणपण दिसत नाही. तिच्या जोडीला, किंवा बऱ्याच घरांत तिच्याऐवजी, काही शे रुपयांची सीईए (रक्तातलं एक प्रथिन मोजणारी) तपासणी आणि वेळेवर स्कॅन-कोलोनोस्कोपी आहेच. सीईए हे प्रथिन १९६५ मध्येच सापडलेलं, तपासणी जुनी आणि ढोबळ, पण तिला नाक मुरडू नये. आणखी एक: ऑपरेशननंतर लगेच रक्त देऊ नका. जखमी ऊतींमधून इतका डीएनए रक्तात येतो की गाठीचा तुकडा सापडणं अवघड होतं. चारेक आठवडे जाऊ द्यावेत.

आता ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांच्याबद्दल. ‘थोडंसं रक्त द्या, कॅन्सर आधीच ओळखा’ अशा जाहिराती आता आपल्याकडेही आल्या आहेत. आतड्याच्या कॅन्सरपुरतं सांगायचं तर अमेरिकेत २०१६ मध्ये सेप्टिन ९ या जीनवरची रक्ततपासणी मान्य झाली. आधीच्या एका मोठ्या अभ्यासात तिने निम्म्याहून थोडे कमीच कॅन्सर पकडले होते. २०२४ च्या जुलैमध्ये ‘शील्ड’ नावाची नवी तपासणी ४५ वर्षांवरच्या, विशेष धोका नसलेल्या लोकांसाठी मान्य झाली. तिच्या अभ्यासात ७,८६१ लोक होते, त्यांपैकी ६५ जणांना कॅन्सर निघाला, आणि ५४ जणांमध्ये रक्ताने तो ओळखला. ८३ टक्के. चांगला आकडा. पण पुढचा आकडा जाहिरातीत येत नाही: कॅन्सर होण्याच्या बेतात असलेल्या मोठ्या पॉलिपांपैकी (आतड्याच्या आतल्या अस्तरावरचे कोंब) रक्ताने ओळखले फक्त १३ टक्के.

हे महत्त्वाचं का? आतड्याचा कॅन्सर सहसा एका छोट्या पॉलिपपासून सुरू होतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं जातात. कोलोनोस्कोपीत डॉक्टर तो पॉलिप पाहतात आणि तिथल्या तिथे कापून काढतात. कॅन्सर होण्याआधीच गोष्ट संपते. पॉलिप अजून रक्तात फारसा डीएनए सोडत नाही, त्यामुळे रक्ततपासणीला हा पल्ला जवळजवळ बंद आहे. शिवाय पॉझिटिव्ह आलं तर कोलोनोस्कोपी करावीच लागते. म्हणजे जी टाळायला रक्त दिलं, तिथेच फिरून यायचं.

खोट्या पॉझिटिव्हचंही पाहा. शील्डच्या अभ्यासात आतड्यात कॅन्सर किंवा मोठा पॉलिप नसलेल्या दर दहांपैकी एकाचं रक्त पॉझिटिव्ह आलं. आपण धरून चालू की आपल्याकडच्या दहा हजार निरोगी पन्नाशीतल्या लोकांत दहा जणांना न कळलेला आतड्याचा कॅन्सर आहे. तपासणी त्यांतल्या आठांना पकडेल. पण त्याच वेळी सुमारे हजार जणांना ‘कॅन्सर असू शकतो’ असं सांगेल. त्या हजारांच्या घरात काय होईल, याचा विचार पॅकेज विकणारा करत नाही.

भारतात आतड्याचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आहे, २०२२ च्या जागतिक अंदाजात वर्षाला सुमारे ७० हजार नवे पेशंट. सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. पण आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या ८०० पेशंटच्या एका आढाव्यात सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं. म्हणजे तिशी-चाळिशीतले कित्येक. त्यांच्यापैकी कितीजण आधी मूळव्याधीचं औषध घेत बसले असतील! शौचातून रक्त पडतंय, सवय बदललीय, पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, पुरुषमाणसाचं हिमोग्लोबिन विनाकारण उतरतंय, अशा माणसाने रक्तातली जीन टेस्ट करू नये. निरोगी लोकांसाठीची तपासणी त्याच्यासाठी नाहीच, आणि ती निगेटिव्ह आली तर खोटा धीर मिळेल. त्याला डॉक्टरांनी बोटाने गुदद्वार तपासणं आणि कोलोनोस्कोपी, एवढंच हवं. बोटाची तपासणी फुकट असते आणि लाजेपोटी टाळली जाते.

राहिली चौथी, वारशाची तपासणी. हिच्यात गाठीचा डीएनए शोधायचाच नसतो. पांढऱ्या पेशींमधला, जन्मापासून प्रत्येक पेशीत असलेला डीएनए वाचतात. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये अल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिननी तिच्या घराण्याची नोंद १९१३ मध्ये छापली. पुढे हेन्री लिंच यांनी अशी अनेक घराणी गोळा केली आणि आज या दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. एमएलएच १, एमएसएच २, एमएसएच ६ आणि पीएमएस २, मुख्यतः या चार जीनपैकी एकात तो असतो. आतड्याच्या दर शंभर कॅन्सरपैकी साधारण तीन यातून येतात. आई किंवा वडिलांपैकी एकात असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी.

इथे निगेटिव्ह-पॉझिटिव्हचा हिशोब पुन्हा बदलतो. घरात नेमकं कोणतं म्युटेशन आहे हे माहीत असेल आणि तुमच्यात ते नसेल, तर तो निकाल खरोखर दिलासा देणारा. पण आजारी नातेवाइकाची तपासणीच झाली नसेल आणि निरोगी मुलाने एकट्याने केली, ती निगेटिव्ह आली, तर त्यातून फारसं काही ठरत नाही. कदाचित घरातला दोष त्या तपासणीच्या यादीतच नसेल. म्हणून सुरुवात आजारी माणसापासून करायची. पॉझिटिव्ह आलेल्याला विशी-पंचविशीपासून वर्षा-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घ्यावी लागते. बायकांना गर्भाशयाकडेही लक्ष ठेवावं लागतं. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत हे कळू नये म्हणून कित्येक घरं रिपोर्ट लपवतात, आणि चुलत-मावस भावंडांपर्यंत बातमी पोचतच नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच अंधारात राहतो.

आणि आजारी माणूस आता राहिलाच नसेल तर? तरी वाट पूर्ण बंद होत नाही. ऑपरेशन किंवा बायोप्सी झालेल्या हॉस्पिटलात गाठीचा मेणाचा ब्लॉक बहुधा बरीच वर्षं जपून ठेवलेला असतो. त्यावर या चार जीनची प्रथिनं आहेत की नाहीत हे रंग देऊन पाहता येतं. ही तपासणी अनेक पॅथॉलॉजी लॅब करतात आणि ती जीन वाचण्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. प्रथिन गायब असेल तर लिंचचा संशय बळावतो आणि भावंडांनी पुढे काय तपासायचं ते कळतं. ब्लॉक जवळच्या नातेवाइकाने अर्ज केला की मिळू शकतो. अर्जासोबत पेशंटचा जुना केस नंबर आणि पॅथॉलॉजी रिपोर्टवरचा नंबर लागतो, तेव्हा ती जुनी फाईल रद्दीत टाकू नका.